रस्त्याआधी आलेला देव

८ जानेवारी

धाकल्यानं आज दगडाला कोंबडी कापली. माझी! विचारलं नाही, सांगितलं नाही. खुराड्यातून उचलली आणि पायवाटेवरच्या त्या लाल दगडापुढे नेली. मी शिव्या घातल्या तर म्हणतो, "वैनी, देवाला चालते."

देव! दिवाळीनंतर मोजणीवाले आले होते, त्यांनी पुरला तो दगड. मी ओसरीवर बसून पाहिलंय. त्यांना पाणी मीच दिलं. वरच्या अंगाला लाल रंग फासला, बुडाशी काळे आकडे काढले आणि निघाले. जाताना त्यांच्यातला टोपीवाला म्हणाला, "आजी, ह्याला बकरी बांधू नका हां." मी बांधली. मग धाकल्यानं त्यावर शेंदूर चढवला, नारळ फोडला, आणि आता कोंबडी. माझी कोंबडी त्या देवापेक्षा वयानं मोठी होती.

रस्सा मात्र बरा झाला.

९ जानेवारी

काल लिहिलं आणि झोप छान लागली. म्हणून आज परत.

ही डायरी बँकेची आहे. शाळेत मीटिंग झाली तेव्हा बँकेच्या निवेदिता मॅडमनं सगळ्या घरांना एकेक दिली. बाकीच्यांनी चूल पेटवायला घेतली असेल. मी चौथीपर्यंत आश्रमशाळेत होते. तिथं 'हाय' लिहिलं की बाई छडी मारायच्या, म्हणून हात अजून आपोआप 'आहे' लिहितो. तोंडात मात्र हायच.

दर महिन्याला एक फोटो आहे, बँकेच्या पैशानं काय काय उभं राहिलं त्याचा. जानेवारीला समुद्रावरचा पूल. अर्धा पूल धुक्यात गेलाय, पलीकडचं टोक दिसत नाही. दुपारी डायरी छातीवर ठेवून पडले. मी त्या पुलावरून चालत होते. खाली पाणी, वर पांढरं. पायाला काही लागत नव्हतं. मधेच आठवलं की चुलीवर कालवण आहे, आणि परत आले. करपलं होतं.

१२ जानेवारी

त्या मीटिंगचं लिहायचं राहिलं.

मॅडम म्हणाली, "ही बँक तुमच्या-आमच्या खात्याची नाही. हिला खिडकी नाही, पासबुक नाही. ही देशाची बँक. रस्ते, पूल, वीज, बंदरं, कारखाने – जे उभं राहून फळ द्यायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, त्याला पैसा देते. बाकीच्या बँका एवढं थांबत नाहीत."

बाळारामची बायको उठली. "म्हशीला देईल का?"

"नाही."

अर्धी मीटिंग तिथंच उठून गेली!

मी बसले. विचारलं, "म्हणजे कोय पुरायची आन् आंब्याची वाट बघायची, तसं?" मॅडम खूश झाली. म्हणाली, अगदी तसंच. मी म्हटलं, "मग आंबा कोन खानार? मी त तवर न्हाय." तर म्हणाली, "तुमची नात पूर्णा गावाला गोदामात आहे ना? ती खाईल."

मग तिनं समजावून सांगितलं. खालून मोठा रस्ता जाणार, गोदामांपासून नव्या कारखान्यांपर्यंत. त्याला जोडून पाड्यापाड्यांना फाटे. कारखान्याला माणसं लागतात, माणसं रस्त्यानं येतात, म्हणून बँक फाट्यांना पण पैसा देते. म्हणजे आमच्यावर माया नाही, आमच्या हातांवर आहे. असू दे. माया करणाऱ्यांनी तरी कुठं रस्ता बांधला?

१७ जानेवारी

नातीचा, मेघालीचा फोन. रेंज नाही. दोघी नुसतं "हॅलो हॅलो" म्हणत राहिलो. तेवढं पण बरं वाटलं.

२० जानेवारी

मेघाली माझ्या भरतची पोर. भरत आणि सून ललिता दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात. पोरगी माझ्याच कुशीत वाढली. आता पूर्णाला गोदामात खोकी भरते. पूर्णाला मी लहानपणी भात लावायला गेलेय. आता तिथं भाताचं काडं नाही, पत्र्याचे डोंगर नुसते. दुनियेचं सामान तिथं येऊन बसतं आणि दुनियेला निघून जातं. म्हणाली, "आजी, कुत्र्यांची वेगळी बिस्किटं असतात. मी तीच भरते." म्हटलं, आपल्या कुत्र्याला सांगू नको, घर सोडून जाईल.

कंपनीची बस शिफ्ट सुटली की पोरींना घरी सोडते. पण डांबरी असेल तिथवरच. आमची डांबरी खाली ओढ्यापाशी संपते. वर सगळे धोंडे. दुसरी शिफ्ट सुटते तेव्हा काळोख. एकट्या पोरीनं चढायचं कसं? म्हणून शहरात धामणकर नाक्याच्या मागं खोली घेतलीय. पाच पोरी, एक मोरी. खालच्या मजल्यावर कापड विणायचे लूम, दिवसरात्र खटाखट. म्हणते, "आजी, झोपले की गादी हलते. वाटतं बसमधीच हाय." दोन दिवाळ्या तिनं तिथंच काढल्या. मागच्या वेळी आली तर मोठ्यानं बोलायची. लूमवर राहून सगळे तसंच बोलतात.

फाटा झाला की बस पाड्यावर येईल. कंपनीनं कबूल केलंय. बस आली की पोरगी घरी झोपेल.

बँकेशी माझं काम एवढंच.

२ फेब्रुवारी

फेब्रुवारीचा फोटो पवनचक्क्यांचा. डोंगरावर पांढऱ्या उभ्या, एकीला दुसरीची घाई नाही.

दुपारी डोळा लागला आणि बँक आली. म्हातारी होती. एवढी मोठी की डोकं ढगात! दिल्लीची असून लुगडं आमच्यासारखंच गुडघ्यावर खोचलेलं. मांडीवर कणगी. कणगीत हात घालायची, मूठ भरायची, फेकायची. दाणा पडला तिथं धुराडं उगवलं. दुसरा पडला तिथं पूल. एक पाण्यात पडला तर जहाजं धावत आली, कोंबड्यांसारखी. मी म्हटलं, "बाय, आमच्या डोंगराला एक मूठ टाक." ती म्हणाली, "हात पोचत न्हाय गो, कंबर धरलीय." मी म्हटलं, "माझी पन धरलीय, मी काय काम सोडलंय?"

उठले तर बकरी लुगडं चावत होती.

१२ फेब्रुवारी

मॅडम आली. चढून लाल झालेली, डोक्यावर ओढणी, हातात कागदाची सुरळी. फाट्याच्या वाटेत काय काय येतं ते लिहायला. विहीर, झाड, घर, देव. बँकेचा नियम म्हणे – वाटेत येणाऱ्या सगळ्यांना विचारल्याशिवाय पैसा सुटत नाही. माझं घर वाटेत येत नाही. रस्ता अंगणाच्या बाहेरून, पायवाटेवरूनच जाणार. तिनं बोटानं दाखवलं. मी म्हटलं, वा, दारासमोरच!

मग दगडापाशी गेली आणि थांबली. बूट काढले! धाकल्या आधीच तिथं. अंघोळ केलेला, डोक्याला धुतलेलं फडकं.

"हे देवस्थान कुणाचं?"

"पाड्याचं."

"किती जुनं असेल?"

"माझ्या आज्याच्या आज्याच्या वेळचं!"

मला असा ठसका लागला की मॅडमनं पाण्याची बाटली दिली. तिनं सगळं लिहून घेतलं. फोटो काढला. धाकल्या फोटोत दगडापेक्षा ताठ.

ती गेल्यावर मी त्याला धरला. "मेल्या, आज्याचा आज्या कुठनं आणलास? दिवाळीचे फटाके अजून घरात हायत, आन् देव एवढा म्हातारा?" तो दगडावरची पानं वेचत बसला.

१३ फेब्रुवारी

मॅडमसमोर मी गप्प का बसले? माझं तोंड तसं गप्प बसणारं नाही.

धाकल्या माझा दीर. बायको गेल्यावर ताडाखालीच त्यानं बस्तान मांडलं. सकाळी पण झिंगलेला. पाड्यातली पोरं त्याला खडे मारायची, मोठी माणसं हसायची. मी पण हसलेय. दगड आला आणि ह्याची ताडी सुटली. रोज अंघोळ करतो. कुणाचं ढोर हरवलं की लोक त्याला विचारायला येतात. तो तांदळाचे दाणे बघून सांगतो, "वढ्यावर हाय." ओढ्यावरच असणार, उन्हात ढोर दुसरं कुठं जाईल! पण लोक आता त्याला धाकल्यादादा म्हणतात.

मी एक वाक्य बोलले तर परत ताडाखाली. त्याला ठाऊक आहे. म्हणून नजर देत नाही.

२४ फेब्रुवारी

केसरीनाथ येऊन गेला. खालच्या गावचा, ठेकेदाराचा माणूस. बुलेट ओढ्यापाशी ठेवून चढावं लागलं, म्हणून आधीच तापलेला.

"काय गो चंद्राआजी, ह्यो देव कुठशी काढलाव तुम्ही? मॅडमनं कागद अडवलाय ना!"

मी म्हटलं, बस, पाणी पी, मग ओरड.

पाणी पिऊन सांगितलं ते असं. वाटेत देव असला तर बँक जबरदस्तीनं हलवू देत नाही. पाड्यानं राजीखुशीनं, आपल्या रीतीनं देव बाजूला घेतला तर ठीक. नाहीतर मोठा साहेब हा फाटाच यादीतून काढणार. "फाटा हितं झाला काय आन् पल्याडच्या पाड्याला झाला काय, बँकेला काय फरक परतो?"

पाणी अजून एक तांब्या प्यायला आणि गेला. मला आधी हसू आलं, मग राग आला. कालपरवाच्या दगडानं माझ्या पोरीची बस अडवली!

३ मार्च

देवाला विचारायला पाडा जमला. रीत अशी – तांब्यात पाणी, पाण्यावर तांदळाचे दोन दाणे. दाणे एकमेकांकडे आले तर देव राजी. लांब गेले तर नाही.

धाकल्यानं दाणे सोडले. सगळे तांब्यावर वाकले. दाणे लांब गेले. एक ह्या काठाला, एक त्या काठाला.

"न्हाय म्हनतो देव."

लोक मान खाली घालून घरी गेले. मी बघितलं होतं. मेल्यानं फुंकर मारली.

५ मार्च

त्याच्या झोपडीत भाकर घेऊन गेले. चार शब्द तिखट काढून ठेवले होते, एक पण वापरला नाही.

म्हटलं, "मेघालीला शाळेला वढा कोन पार करवायचा?"

"मीच. खांद्यावर."

"आता कोन करवील?"

भाकर मोडत बसला. मग म्हणाला, "देव हलवला आन् गेला म्हंजी?"

"जातोय कुठं! मोहाच्या झाडाखाली बसवू. माझ्या अंगणाच्या कडंला. रोज सारवीन मी."

"तू त म्हनतेस दगड हाय."

"म्हनतेच. सारवायला काय लागतंय?"

तो हसला. त्याचे दात किती कमी झालेत! माझ्या लग्नात एवढासा होता, माझ्या पदराला धरून मांडवभर फिरला होता.

९ मार्च

आज दाणे जुळले. फुंकर कुणी मारली, कुठून मारली, हे विचारू नये.

१३ मार्च, होळी

देव हलवला.

सकाळपासून ढोल. पोरांनी खणायला घेतलं तर दगड हलेना. आणखी खणलं. खाली सिमेंटचा गोळा निघाला! ढोल थांबला.  धाकल्या खड्ड्यात बघून म्हणाला, "देवाचं मूळ हाय." एकेकानं हात जोडले. मी पण जोडले, हसू लपवायला.

मग काठ्या घालून, गोळ्यासकट उचलला. आम्ही म्हाताऱ्या पुढे गात. नवरी सासरी नेताना गातो तेच गायलो, देव नेतानाचं गाणं कुणाला येतंय? पायवाटेवरून माझ्या अंगणाच्या कडेला, मोहाखाली. जागा मीच दाखवली. धाकल्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून. हाक मारली तर ऐकू यावी एवढ्यावर.

मॅडम दुपारी पोचली, तोवर गोळा मातीत गेला होता. तिनं फोटो काढले, पाड्याचे अंगठे घेतले. तिला पळसाच्या पानावर कोंबडी वाढली. दोनदा घेतली तिनं. बूट काढून जेवली.

माझा नवरा असता तर म्हणाला असता, चंद्रे, तू देवाला पण जागेवर बसू दिलं नाहीस.

२२ मार्च

कागद सुटला! केसरीनाथनं निरोप पाठवला.

मोह गळायला लागलाय. पहाटे अंगण पिवळसर पांढरं होतं, गोड वास डोक्यात चढतो. दगडावर पण फुलं पडलेली. मी टोपली घेऊन वेचायला बसते आणि हात मधेच थांबतो. कानाला लांबून बस येतेय असं वाटतं. वळणावर गिअर बदलते, घुर्रर्र. वर येते, उभी राहते, दार उघडतं. पोरगी उतरते. म्हणते, "आजी, भूक लागली." मी उठायला जाते तर काही नसतं. मधमाश्या असतात.

बँकेची म्हातारी पण परत आली होती. आता कंबर बरी आहे म्हणाली. मी तिला मोहाची दारू दिली. घेतली नाही, ड्युटीवर आहे म्हणाली.

५ एप्रिल

सारवलं. देव बसलाय. मी बसलेय. बोलायला दोघांना काही नाही.

१६ एप्रिल

रस्त्याची रेघ मारायला चार पोरं आली. केसरीनाथ सोबत नव्हता. पोरं लांबची, हिंदी बोलणारी, उन्हानं करपलेली. हातात कागद आणि टेप. पायवाटेवर इकडे शोध, तिकडे शोध. मी विचारलं, काय हरवलं रे? "अम्मा, नाप का पत्थर." मी म्हटलं मला काय ठाऊक.

एक जण मोहाखाली सावलीला गेला. देवाला हात जोडले. मग खाली वाकून बघितलं, "माफ करना बाबा" म्हणत बुडाचा शेंदूर नखानं खरवडला, आणि ओरडला, "मिल गया! नंबर यही है!"

टेपचं टोक त्यांनी देवाच्या बुडाला धरलं आणि मोजायला लागले.

मी ओसरीवर होते. हातातलं सूप खाली ठेवलं. टोपीवाला आठवला. बकरी बांधू नका हां! बकरी ओढील, दगड हलेल, म्हणून म्हणाला होता तो. रस्ता सगळा ह्या दगडापासून मोजतात. देव जेवढा सरकला, तेवढाच रस्ता सरकणार. आणि सरकला कुणाकडे? माझ्याकडे.

१७ एप्रिल

पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघा. अंगणातून आल्या, ओसरीवर चढल्या. घराच्या मागून निघून पपईपाशी बाहेर पडल्या. मधे माझं घर. चूल रस्त्यात. कणगी रस्त्यात. झोपायची जागा, बरोब्बर रस्त्याच्या मधोमध.

पोरांना वाईट वाटलं. त्यांनी कागद दोनदा बघितला. "अम्मा, नाप तो सही है." मी त्यांना ताक दिलं. त्यांची काय चूक?

देव मी हलवला. जागा मी दाखवली. माझ्या तोंडाला एवढी धार, पण ह्यात कुणाला शिवी घालू?

२० एप्रिल

केसरीनाथ आला. घराच्या मधून गेलेली रेघ बघून डोक्याला हात लावला.

"आजी, तुझा घर त यादीत नव्हता ना! पन मोजणीत आयलाय त आयलाय. घर गेला त बँक बांधून देते. वेळ लागंल, पन देते."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मोजणी चुकली असली तर?

"मंग परत मोजणी, परत नकाशा, परत दिल्ली. पावसाआधी खडी पडली नाय त ह्या फाट्याचा पैसा दुसरीकरं जाईल. मोजणी चुकलीय काय गो?"

म्हटलं, मला काय कळतंय, मी चौथी पास.

मॅडम पाच मेला बघायला येणार. यादीत नसलेलं घर वाटेत आलं तर बँक विचारते – कसं आलं?

२७ एप्रिल

वज्रेश्वरीची जत्रा. मेघालीला एक दिवसाची सुट्टी. कुंडात अंघोळ करून केस ओले घेऊन वर आली, हातात जत्रेचं खाजं.

तिनं रेघा पाहिल्या. रेघेवरून चालत चालत घरात आली, चुलीपाशी थांबली.

"आजी, बस इथनं जाणार?"

"थांबणार पन हितंच. चुलीवर चहा ठेवला त ड्रायव्हरला खिडकीतनं देता येईल."

ती हसली नाही. दुपारी माझ्या शेजारी पडली. पंखा नाही, लूम नाही. मोहाची पानं हलत होती तेवढंच. पडल्या पडल्या झोपली. तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. मी हललेसुद्धा नाही, हाताला मुंग्या आल्या तरी. कुडाच्या फटीतून उन्हाच्या काड्या येत होत्या, तिच्या केसांवर सरकत सरकत गेल्या. हे घर तिच्या आज्यानं बांधलं, कुडाला कारवी मी आणली. तेव्हा वाटलं, असंच राहू दे, कुणी उठू नका, कुठं रस्ता नको, कुठं गोदाम नको.

निघताना मोठ्यानं म्हणाली, "नको रस्ता! घर राहू दे. मला गादी हलायची सवय झालीय."

२ मे

ठरलं. मॅडमला सांगून टाकते. दगड तो दगड. दिवाळीला पुरला, होळीला हलवला, मोजणी चुकली. घर माझं आहे, मी का सोडू? धाकल्याचं वाईट वाटेल. वाटू दे. पोरगीच नको म्हणाली.

मेचा फोटो पोलादाच्या भट्टीचा. लाल रस वाहतोय. बघितलं की झोप येत नाही, म्हणून पान उलटून ठेवलं.

४ मे

उन्हं उतरली तेव्हा धाकल्या आला. ओसरीच्या खालीच बसला, फक्कीवर.

"वैनी, उद्या मॅडमला मीच सांगतो. दगड हाय त्यो."

मी म्हटलं, काय बडबडतोस?

"मोजनीचा दगड. मला पैल्यापास्नं ठावं हाय. जीपमधनं काढून खांद्यावर मीच त आनला वर. टोपीवाल्यानं मजुरी दिली."

मी बघतच राहिले. एवढे दिवस मी त्याची लाज झाकतेय असं समजत होते!

"मंग कोंबडी कशाला कापलीस मेल्या?"

तो बोटानं फक्की पुसत राहिला. मग म्हणाला, "टोपीवाला बोलला, ह्याच्यापास्नं रस्ता निघंल. आपल्या डोंगरावर असं काय कदी आलंय? पोलीस आले, मतं मागनारे आले. रस्ता कदी आला न्हाय. मी त्याला खांद्यावर आनला, वैनी. वाटलं, ह्यो देवच असंल."

पुढं म्हणाला, "पन तुझं घर मोडून देव नको. लोक हसतील त हसतील. ताड कुठं गेला न्हाय."

मी त्याला भाकर वाढली. दोघं जेवलो.  मोहावर एक पक्षी ओरडत होता, तोच बोलला जे काय ते.

५ मे

मॅडम आली. घर बघितलं, रेघा बघितल्या, मोहाखाली गेली. बूट काढले. वाकून अंगठ्यानं बुडाचा शेंदूर पुसला. खाली काळा आकडा. धाकल्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं मलाच विचारलं, "आजी, खरं सांगा. हा मोजणीचा दगड आहे ना?"

"देव हाय," मी म्हटलं. "माझ्या आज्याच्या आज्याच्या वेळचा."

संध्याकाळी धाकल्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून कणगी बाहेर काढली.